उभी रेघ

"पुन्हा तुम्ही?" मान वर न करताच ताडणाऱ्याने विचारलं.

"पुन्हा मीच," बाई म्हणाली, आणि बस म्हणायची वाट न बघता खुर्ची ओढून बसली.

प्रती ताडून बघणारा कारकून म्हणून सगळी इमारत त्याला ताडणाराच म्हणे. खालच्या सभागृहात मंजूर झालेलं विधेयक वरच्या सभागृहाकडे निघालं की वाटेत या खोलीत थांबायचं. दोन्हीकडच्या कागदांत काना-मात्रेचा फरक नाही ना, एवढंच त्याने बघायचं. तीस वर्षं हेच चाललं होतं. या बाईचा मात्र त्याला मनापासून तिटकारा आला होता. तिचा नवरा रंगाच्या कारखान्यात टाकी साफ करायला उतरला आणि आतल्या वायूने गुदमरून मेला. तेव्हापासून टाकीत उतरणाऱ्यांचं विधेयक कुठवर आलं, हे विचारायला ती दर अधिवेशनाला दारात हजर.

"खालच्यांनी मंजूर केलं त्याला दीड वर्ष झालं," ती म्हणाली. "वरच्यांनीही केलं म्हणे. मग घोडं पेंड कुठे खातंय?"

"एका शब्दापाशी. खालच्यांचं म्हणणं, 'मुखवटा व दोर दिल्याशिवाय कोणालाही टाकीत उतरवू नये.' वरच्यांनी मंजूर केलं, 'मुखवटा वा दोर.' दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं झाल्याशिवाय कायदा होत नाही. आता ते परत खाली जाणार. खालचे 'व' सोडणार नाहीत, वरचे 'वा' सोडणार नाहीत."

"एका कान्यापायी?"

"कायदा आहे, बाई. भाजीची यादी नव्हे."

तो काना आला कुठून, हे जगात एकट्या ताडणाऱ्यालाच ठाऊक होतं. वाचता वाचता उठायचं झालं की थांबल्या जागी पेन्सिलीने उभी रेघ मारायची, ही त्याची जुनी सवय. त्या दिवशी चहा आला तेव्हा तो नेमका 'व'पाशी पोचला होता. टंकलेखकाने ती रेघ काना समजून टंकली. नवी प्रतही ताडायची होती यानेच, पण त्याने नुसती पानं उलटली आणि सही ठोकली. वरच्या सभागृहात कोणाला पत्ताच नाही. उलट एक वयोवृद्ध सभासद तासभर बोलले, की कारखानदाराला निवडीची मोकळीक देणारा हा 'वा' म्हणजेच विधेयकाचा प्राण. बाकं वाजली. पेन्सिलीच्या रेघेचं तत्त्व होऊन बसलं.

अजूनही 'ही चूक प्रतीतली, माझ्या हातची' एवढं त्याने लिहून दिलं असतं, तर उद्या, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, सगळं मिटलं असतं. पण निवृत्तीला सात महिने उरले होते. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कोण पाडून घेतो?

"पुढच्या अधिवेशनात या," तो म्हणाला.

"माझा धाकटा दीर सोमवारी उतरतोय. त्याच टाकीत."

"मग मुकादमाला सांगा. मला काय सांगता?"

"सांगितलं ना. मुकादम पेपर वाचतो. नवाकोरा दोर आणून ठेवलाय त्याने. म्हणाला, दोर असला की पुरे, वरच्या सभागृहानेच म्हटलंय." ती उठली. "आमच्या ह्यांच्या कमरेलाही दोर होता, साहेब. चांगला मजबूत होता. त्यानेच तर वर ओढलं त्यांना."

खुर्ची जिथून घेतली होती तिथे नेऊन ठेवून ती निघून गेली.

ताडणारा चरफडला. "जसं काही मीच ढकललं," असं रिकाम्या खुर्चीला ऐकवलं. खिडकी उघडली, बंद केली. मग कोणाशी तरी भांडायला निघाल्यासारखा त्याने कोरा कागद पुढ्यात ओढला आणि वर ठसठशीत लिहिलं : शुद्धिपत्रक. खाली तो भराभर लिहीत गेला. 'सदर विधेयकाच्या कलम चारमध्ये पडलेला काना हा' इथपर्यंत आला.

"चहा!" शिपायाने दारातून आवाज दिला.

ताडणाऱ्याने पेन खाली ठेवलं, कानावरची पेन्सिल काढली, शेवटच्या शब्दापुढे एक उभी रेघ मारली आणि उठला.