शनिवारपर्यंतची सही

प्रयोगशाळेतल्या सशांचे पिंजरे साफ करण्यात मावशींची एकतीस वर्षं गेली होती. जुन्या संशोधक बाई होत्या तेव्हा एकही फॉर्म नव्हता. त्या सकाळी आल्या की आधी प्रत्येक सशाच्या कानाला हात लावून बघायच्या, मगच चहा घ्यायच्या. आता सशांच्या काळजीसाठी समिती होती, आणि समितीच्या समाधानासाठी अकरा फॉर्म. ते भरता भरता नव्या संशोधक मुलीला सशांकडे फिरकायलाही सवड होत नव्हती.

"चौदा नंबर कालपासून गवताला तोंड लावत नाही गं," मावशींनी तिला तिसऱ्यांदा सांगितलं.

"मावशी, आज समिती यायचीय. ती गेली की बघते ना."

समिती आली, म्हणजे इस्त्रीचे चार सदरे आले आणि बिस्किटं खात फाइल चाळू लागले. सशांच्या खोलीत जायचं तर बूट काढावे लागतात, म्हणून कोणी उठेना. शेवटी मावशीच अध्यक्षांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, चौदा नंबरनं खाणं टाकलंय. जरा आत येऊन बघता?"

अध्यक्षांनी चष्मा सावरून पान उलटलं. "छे हो मावशी. इथं स्वच्छ लिहिलंय, चौदा नंबर, खाणं व्यवस्थित. शनिवारपर्यंत रोजची सही आहे."

मावशींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. गुरुवार होता.

"मग बरंच झालं," त्या म्हणाल्या. "आज मेला तरी शनिवारपर्यंत जेवेल बिचारा."