फटी

"बाबा, मी एक वस्तू बनवणार आहे. ती पूर्ण होईपर्यंत तुम्ही तिला हात लावायचा नाही. जमेल?"

प्रश्न मैत्रिणींनी पढवलेला होता. "हिंमत असेल तर विचारून दाखव," असं तिघींनी म्हटलं, आणि भिंगरीने विचारून टाकलं. तिघी वर्कशॉपच्या दारात एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या.

बाबा पाण्याच्या टाक्या बनवत. तीस वर्षांत त्यांची एकही टाकी गळली नव्हती. आणि तीस वर्षांत त्यांच्या नजरेखालून कुणाचंही काम दुरुस्त न होता सुटलं नव्हतं. भिंगरीच्या वह्यांची कव्हरं ते काढून नव्याने घालत. आईने घडी केलेली चादर उलगडून पुन्हा घडी करत. एकदा तर केस कापून घेता घेता त्यांनी न्हाव्यालाच कात्री कशी धरायची ते सांगितलं होतं.

"न जमायला काय झालं?" बाबा म्हणाले. "काय बनवतेयस?"

"कोळशाची शेगडी. बार्बेक्यूची, झाकणवाली. दहावी संपली म्हणून रविवारी सगळा वर्ग येणार आहे."

"सगळा वर्ग! आणि हे मला आज कळतंय," आई म्हणाली. ती टाक्यांना रंग द्यायची. हातातला ब्रश तसाच ठिबकत राहिला.

भिंगरीला वर्गाचं कौतुक नव्हतं. वर्ग काय, कणसं मिळाली की खूश. तिला आयुष्यात एकदा एवढंच ऐकायचं होतं, की हे हिने केलंय, हिने एकटीने.

पुढचे सहा दिवस ती वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात होती. तिने पत्रा मापला, कापला, वाकवला. लोखंडी अँगलचे चार पाय केले. सळयांची जाळी केली. झाकणाला बिजागरी लावली, ती उलटी लागली, काढून सुलटी लावली. वेल्डिंग बाबांनीच तिला दोन वर्षांपूर्वी शिकवलं होतं, पण तिचे सांधे कोंबडीने उकरल्यासारखे दिसत. बाबांचे सांधे माशाच्या खवल्यासारखे, एकसारखे. बाबा तिच्याकडे पाठ करून बसत आणि पाठीनेच बघत. दोनदा त्यांचं खाकरणं ऐकू आलं. भिंगरीने मास्क वर केला की ते लगेच छताकडे पाहत.

तळाचा सांधा तिने मुद्दाम सलग केला नाही. चार बोटं वेल्डिंग, दोन बोटं फट, पुन्हा चार बोटं वेल्डिंग, असं चारही बाजूंनी. कोळशाला खालून वारा हवा. शनिवारी तिने मूठभर कोळसा पेटवून पाहिला. झाकण लावलं तरी तो लालबुंद राहिला. भिंगरी तिथल्या तिथे नाचली.

रविवारी सकाळी ती मैत्रिणींबरोबर कणसं आणायला गेली.

दुपारी अंगणात वर्ग जमला. कोळसा पेटला, जाळीवर कणसं आली, भिंगरीने ऐटीत झाकण लावलं. पाच मिनिटांनी उघडलं तर कोळसा काळा. पुन्हा पेटवला. पुन्हा विझला.

"अगं, कणसं कच्ची खायची आहेत का?" एकीने विचारलं. सगळे हसले. भिंगरीही हसली, पण तिचे कान तापले. काल पेटत होतं. मग आज काय बिघडलं?

तिने जळके कोळसे घमेल्यात ओतले. शेगडी निवू दिली, मग आडवी पाडून तळ पाहिला.

एकही फट नव्हती. चारही बाजूंना माशाचे खवले होते, एकसारखे.

तिने मान वर केली. बाबा तिच्या मागेच उभे होते.

"फटी राहिल्या होत्या गं," ते हळूच म्हणाले. "घाईत राहतात. म्हटलं, चारचौघांत तुझं हसं नको. पाणी भरून पाहिलंय मी, एक थेंब नाही गळत."

"बाबा, शेगडी आहे ती."

बाबांनी तळाकडे पाहिलं. मग विझलेल्या कोळशांकडे पाहिलं. तीस वर्षं फट म्हणजे चूक, एवढंच त्यांच्या हाताला माहीत होतं. त्यांचा चेहरा इतका उतरला, की भिंगरीला रागावताच आलं नाही.

ती ग्राइंडर घेऊन आली. चष्मा लावला. बाबांच्या सुंदर सांध्यात तिने एकामागून एक फटी पाडल्या. बाबांनी प्रत्येक ठिणगी पाहिली. "तिरका धरलायस," असं त्यांच्या ओठांवर आलेलं आईला स्पष्ट दिसलं. तिने त्यांचं मनगट धरून ठेवलं.

या वेळी कोळसा पेटला आणि पेटलेलाच राहिला. कणसं तडतडली. वर्गाने अंगण डोक्यावर घेतलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तिघं पायरीवर बसले. बाबांनी शेवटचं कणीस खाल्लं, अगदी बुडख्यापर्यंत.

"कसब आहे तुझ्या हातात," ते म्हणाले. "उद्यापासून माझ्या हाताखाली ये. दोन वर्षांत पक्की कारागीर करतो तुला."

हे ऐकायला भिंगरी लहानपणापासून थांबली होती. तिने बाबांचा हात हातात घेतला. जाड, भाजलेला, कधीही न चुकणारा हात.

"आई, बाबा, माझं ठरलंय," ती म्हणाली. "मी वेल्डरच होणार."

बाबांचे डोळे भरून आले.

"पण बाबा, शिकायला मी दुसरीकडे जाणार."