फाटकाचं सर्किट

परीक्षकांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला, दहा सेकंदांनी मोटर फिरली आणि पुठ्ठ्याचं रेल्वे फाटक खाली यायला लागलं. त्याच क्षणी सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकले. फाटक अर्ध्यावरच अडकलं.

मी गर्दीत मागे उभी होते. मोटरचा उलटा झटका टायमरपर्यंत जाऊ नये म्हणून तिच्यावर एक डायोड जोडावा लागतो. तो मी सकाळीच काढून ठेवला होता. मी शाळेची प्रयोगशाळा सहायक. सर्किट मी आखायचं, मीच जोडायचं आणि जिल्हा प्रदर्शनात शिक्षक गटाचं बक्षीस चिंचोरे सरांनी घ्यायचं, असं तीन वर्षं चाललं होतं. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं.

"मोटरवरचा डायोड कुठाय?" परीक्षकांनी विचारलं.

सरांनी बोर्ड उलटा करून बघितला. "असेल की साहेब, खालच्या बाजूला."

"तुम्हीच केलंय ना हे?"

सरांची नजर गर्दीत फिरली. तेवढ्यात त्यांना मी दिसले.

"खरं सांगू का साहेब, सर्किट आमच्या या मांडके बाईंचं आहे. मी विश्वास ठेवला, तिथेच चुकलं."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी नेहमीसारखी मान खाली घालीन, अशी सरांची खात्री होती.

"हो, माझंच आहे," पुढे होत मी म्हणाले. "आणि आधीची तीन, ज्यांना बक्षीस मिळालं, तीही माझीच."