कोरड्या डोळ्यांची प्रार्थना

चिनाराने आजही नानचा तुकडा मोडला नाही. ताट तसंच पुढे सरकवलं. हा सलग तिसरा रविवार. समोर बसलेल्या बुरुलकानच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

नारिन गावातल्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत नियम साधा होता. मनात कुणाविषयी अढी असेल, तर प्रभुभोजनाच्या नानला हात लावायचा नाही. आधी त्या माणसाशी मन मोकळं करायचं. म्हणजे या बयेच्या मनात काहीतरी नक्कीच सडत होतं. आणि दोन वर्षं सगळे हिचेच गोडवे गात होते! ही प्रार्थनेला उभी राहिली की डोळ्यांना धारा लागायच्या. म्हातारे पाळकसुद्धा तिच्याबरोबर मुसमुसायचे.

बुरुलकान बावीस वर्षं या खोलीत येत होती. शेगडी पेटवायची, गालिचे झटकायची, आजाऱ्यांकडे रस्सा पोचवायची. तिच्या प्रार्थनेला कुणी धड 'आमेन'ही म्हणत नसे. खरं सांगायचं तर आत काही पेटल्यासारखं वाटून तिलाच कित्येक वर्षं झाली होती. देवाने आपल्याला कधीच सोडलं, ही भीती तिने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. म्हणूनच चिनाराचं रडणं तिच्या डोळ्यांत खुपायचं. आज हिचं पितळ उघडं पाडायचंच, असं तिने ठरवलं.

सभा संपल्यावर तिने चिनाराला दाराशी गाठलं.

"काय गं, बरं नाही का? नानला हात लावला नाहीस," आवाजात मध घोळवून तिने विचारलं.

चिनाराने पायात घालायला घेतलेला बूट खाली ठेवला.

"तुमच्यामुळे, एजे," थोरल्या बहिणीला मारायची ती हाक मारत ती म्हणाली. "तुमच्यावर जळते मी."

"माझ्यावर? अगं, डोकं फिरलं का तुझं? माझ्याजवळ जळण्यासारखं आहे काय?"

"मला रडू फुटलं तरच देव जवळ वाटतो. आता तेही आटत चाललंय. ज्या दिवशी रडू येणार नाही, त्या दिवशी मी घरीच बसेन, अशी धास्ती वाटते. तुम्ही मात्र बावीस हिवाळे कोरड्या डोळ्यांनी येताय. कुठून आणता हो एवढं?"

आजवर कुणी बुरुलकानचा हेवा केला नव्हता. ती बाकावर बसली आणि चिनाराचा हात ओढून तिलाही शेजारी बसवलं.

"तू तीन रविवार तो घास सोडलास, पोरी," ती म्हणाली. "मी तुझ्यावर जळत जळत दोन वर्षं खात आलेय."