जोडीचा कप

चहाचा कप समोर आला आणि विमल दचकली. पांढऱ्या चिनी मातीवर चांदीची नक्षी होती, फुललेल्या फांदीवर बसलेला पक्षी. अगदी असाच कप नवऱ्याने शांघायहून तिच्यासाठी आणला होता. "याला जोड नाही," तो म्हणाला होता.

नवरा मालवाहू बोटीवर होता आणि गेल्या महिन्यात तिथेच वारला. उरणला त्याचं दुसरं घर आहे, हे दिवसकार्य उरकल्यावर त्याच्या सोबत्याने सांगितलं. विमल भांडायलाच आली होती. दारात मात्र ती "त्यांच्या गावाहून आले" एवढंच म्हणाली.

"बरं झालं आलात," चहा देणारी कुंदा म्हणाली. "त्यांचा फोनच लागत नाही. बोट कधी येणार, काही कळलं का?" तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं.

विमलने तिला जवळ बसवलं. "ते गेले गं. बोटीवरच, झोपेत."

कुंदा रडली नाही. तिने समोरचा कप उगाच सरळ केला. मग तिने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

विमलने मोकळ्या गळ्यावरून पदर ओढून घेतला.

"थोरली बहीण," ती म्हणाली.