काजळ कोणती, शाई कोणती

"काजळचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला," डॉक्टर फोनवर म्हणाले. "मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू. शाई आणि साहेब ठणठणीत आहेत. काजळला आजच वेगळी ठेवा. एका ताटलीत खाणं बंद, एकमेकींना चाटणं बंद. लाळेतून पसरतो तो. माणसांना होत नाही, ती काळजी नको."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

खिडकीत दोन काळ्या मांजरी बसल्या होत्या. सख्ख्या बहिणी. एक दुसरीचा कान चाटत होती. साहेब, म्हणजे जाडा पिवळा बोका, खाली ऊन खात पडला होता. साहेबाचा प्रश्न नव्हता. या दोघींतली काजळ कोणती, हे त्याला माहीत नव्हतं.

ते त्याच्या बायकोला माहीत होतं. तिला जाऊन सात आठवडे झाले होते. ती पाठमोऱ्या मांजरीलाही बरोबर नावाने हाक मारायची. तो "ए काळे" म्हणायचा आणि दोघी यायच्या. त्याचं काम भागायचं.

आदल्या दिवशी दवाखान्यातल्या बाईंनी टोपल्या उघडून नावं विचारली. सहा वर्षं एका घरात राहून मांजरी ओळखता येत नाहीत, हे सांगायची त्याला लाज वाटली. पहिल्या टोपलीकडे बोट करून तो म्हणाला, "ही काजळ." घरी आल्यावर दोन्ही टोपल्या त्याने एकदमच उघडल्या होत्या.

तो बेअरिंगच्या कारखान्यात माल तपासायचा. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी चूक त्याच्या हातून सुटत नसे. बत्तीस वर्षांत त्याने अंदाजाने पासचा शिक्का मारला नव्हता. मारला तो काल.

"काजळ," त्याने हाक मारून पाहिली. दोघींनी वळून पाहिलं. मग "शाई" म्हणाला. दोघी तशाच बघत राहिल्या. ही नावं त्याच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलीच नव्हती.

तो उठला. एकीला आतल्या खोलीत ठेवलं, दुसरीला बाथरूममध्ये, साहेबाला स्वयंपाकघरात. प्रत्येक वेळी साबणाने हात धुतले. तिन्ही दारांआडून ओरडणं सुरू झालं.

दुपारी मेहुणी डबा घेऊन आली. "दाजी, घर आहे का तुरुंग?"

त्याने सगळं सांगितलं.

"मला काय विचारता? ताई दाखवायची, मी आपली हो हो म्हणायचे." ती दार किलकिलं करून आत बघून आली. "मलूल दिसते ती काजळ धरा की."

"दोघी मलूल आहेत. कोंडल्यात म्हणून."

"मग दोघींनाही प्राण्यांच्या एखाद्या संस्थेत देऊन टाका. तुमच्या स्वतःच्या जेवणाचा पत्ता नाही अजून. डबा मी आणते तेव्हा जेवता."

"देणार नाही."

"आता हा कसला हट्ट?"

"हट्ट नाही. चुकीचा शिक्का बसलाय. परत तपासायचा."

त्याने एकीच्या गळ्यात लाल नाडी सैलसर बांधली. दोघींना दोन टोपल्यांत घातलं आणि संध्याकाळी दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसला.

"डॉक्टर, मी काल खोटं बोललो. मला यांच्यातला फरक कळत नाही. नाव ठोकून दिलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मला तरी कुठे कळतो? वहिनी सांगायच्या, मी लिहायचो."

"पुन्हा रक्त काढा. नावं लिहू नका. नाडीवाली एक नंबर, दुसरी दोन नंबर."

या वेळी डॉक्टरांनी रक्ताचे थेंब झटपट तपासणीच्या दोन पट्ट्यांवर टाकले. दहा मिनिटं तो टेबलापाशी उभा राहिला. दोन नंबरच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली, म्हणजे विषाणू तिच्यात होता.

"तीन महिन्यांनी परत बघू," डॉक्टर म्हणाले. "कधी कधी शरीर या विषाणूला दाबून टाकतं. आशा ठेवा. पण दार बंद ठेवा."

दोन नंबर आतल्या खोलीत राहिली. रविवारी त्याने त्या दाराची फळी काढून तिथे जाळी ठोकली. ती दुहेरी होती, मध्ये वीतभर अंतर, म्हणजे बहिणींना एकमेकींचं तोंड दिसेल, जीभ पोचणार नाही. एक नंबरला आणि साहेबाला लस टोचून आणली. आधी बाहेरच्यांचं खाणं, मग दोन नंबरचं. तिची ताटली वेगळी, वाळूचा ट्रे वेगळा, आत घालायचा सदराही वेगळा. रोज संध्याकाळी तो सदरा घालून तिच्याजवळ तासभर बसायचा. साहेब बाहेरून जाळीवर पंजे मारून निषेध नोंदवायचा.

आणि रोज सकाळी तो कारखान्यातलं भिंग घेऊन दोघींना नीट बघायचा. कानापासून शेपटीपर्यंत, जसा माल बघतात तसा. दोन नंबरच्या डाव्या काखेत तीन पांढरे केस होते. एक नंबरच्या शेपटीच्या टोकाला बारीक गाठ होती. दोन नंबर उडी मारण्याआधी मागचा पाय दोनदा हलवायची. महिन्याभराने त्याने लाल नाडी सोडली. आता तिची गरज नव्हती.

मेहुणीने परीक्षा घ्यायची ठरवली. दिवाणाखालून शेपटीचं नुसतं टोक बाहेर होतं. "दाजी, कोण ही?"

"एक नंबर," तो पेपरातून डोकं वर काढून म्हणाला. "शेपटी बघ."

मेहुणीने वाकून पाहिलं. गाठ होती. "मानलं तुम्हाला. ताई असती तर पेढे... जाऊ दे." ती जाळीपाशी गेली. दोन नंबर तिच्याकडे टक लावून बघत होती. "पण नंबराने काय हाका मारता? मी तुरुंग म्हणाले ते खरंच मनावर घेतलं का? आता ओळखता येतात ना? मग नावं घ्या."

त्याने पेपराची घडी घातली. तीन महिने व्हायला अजून आठ आठवडे होते. जाळी पक्की होती, लस झाली होती, दोघी पोटभर जेवत होत्या. करायचं ते सगळं त्याने केलं होतं.

दोन नंबर म्हणजे काजळ की शाई, हे बायकोला विचारायचं राहून गेलं होतं.