चाखून झालेला अभ्यासक्रम

“आम्हाला विकत घेतलं असतंत तर निदान आमची किंमत तरी कळली असती! तुम्ही सरळ डोक्यात शिरलात!”

अभ्यास मंडळाच्या बैठकीत वैजयंता रोडगेबाई भिंतीवरच्या काळ्या पडद्यावर ओरडल्या. वरचे लोक त्या पडद्याआडून सगळं ऐकत, तोंड मात्र कधी दाखवत नसत.

सगळ्या शाखांना सक्तीचा असलेला सामान्य शिक्षणाचा नवा अभ्यासक्रम उद्या पोरांच्या डोक्यात उतरणार होता. आधी प्राध्यापकांनी तो स्वतः चाखायचा आणि मगच मंजुरीचा हात वर करायचा, हा मंडळाचा जुना दंडक. त्याप्रमाणे थोड्या वेळापूर्वी सगळ्यांनी अभ्यासक्रम थेट डोक्यात उतरवणाऱ्या पट्ट्या कपाळाला लावल्या. बाईंची पट्टी तेवढी बंद निघाली. बाकीच्यांनी डोळे उघडले आणि सगळे हात एकदम वर गेले. साध्या स्वल्पविरामासाठीही तासभर भांडणाऱ्या देऊळकरसरांचासुद्धा.

“सर, यात शिकवलंय तरी काय?” बाईंनी आता त्यांनाच धरलं.

“छान आहे,” सर हसले.

“अहो, पण काय?”

“छान आहे,” सगळं मंडळ एका सुरात म्हणालं.

सरांनी स्वतःची पट्टी काढून मायेनं पुढे केली. “लावा हो बाई. उगाच एकट्या पडाल.”

ती अजून कोमट होती. बाईंनी ती हिसकावून पडद्यासमोर धरली.

“उद्या पहिल्या वर्षाच्या वर्गात माझी पोरगी बसणार आहे. तिच्या डोक्यात काय घालताय? बोला!”